ऑफिसच्या नेटवरून सीपॅनेल उघडत नव्हतं, असं सुटलं

साइट मस्त उघडायची पण सीपॅनेलची (होस्टिंग सांभाळायच्या कंट्रोल पॅनेलची) लिंक मारली की ब्राउझरमध्ये नुसतं गोल फिरत राहायचं आणि शेवटी टाइमआउट, आणि मोबाइलच्या नेटवर तेच पान पटकन उघडायचं, म्हणजे होस्टिंगमध्ये काही गडबड नव्हती. भानगड पोर्टची, म्हणजे सर्व्हरवर प्रत्येक सेवेला जो दाराचा नंबर असतो त्याची. साधी वेबसाइट चालते ४४३ वर, सीपॅनेल चालतं २०८३ वर (एसएसएल, म्हणजे सुरक्षित कनेक्शन, नसेल तर २०८२), आणि कंपन्यांचे फायरवॉल बऱ्याचदा ८० आणि ४४३ सोडून बाहेर जाणारं बाकी सगळं बंद ठेवतात. डोमेनपुढे स्लॅश सीपॅनेल टाकूनही फरक पडला नाही, कारण ते फिरवून परत २०८३ वरच नेऊन सोडतं.

चाललं ते सबडोमेन. म्हणजे सीपॅनेल डॉट आणि पुढे आपलं डोमेन, पोर्ट नंबर काहीच नाही. हे सर्व्हरवर आतून सीपॅनेललाच जोडलेलं असतं पण बाहेरून सगळं ४४३ वरून जातं, त्यामुळे फायरवॉलला ती साधी वेबसाइटच दिसते. वेबमेलचंही तसंच, २०९६ ऐवजी वेबमेल डॉट डोमेन.

डीएनएस (डोमेनचं नाव कुठल्या सर्व्हरवर न्यायचं याची नोंद) दुसरीकडे असेल तर या नावाचा ए रेकॉर्ड, म्हणजे नावापुढे आयपी लिहिलेली नोंद, आपणच टाकायचा, आयपी होस्टिंग सर्व्हरचा. सर्टिफिकेटची वॉर्निंग आली तर ती झटकून पासवर्ड टाकू नका, आधी ऑटोएसएसएल (सीपॅनेलमधली आपोआप सर्टिफिकेट देणारी सोय) चालवून घ्या. होस्टने ही सबडोमेन बंद ठेवली असतील तर सरळ आयटीवाल्यांना सर्व्हरचा आयपी आणि २०८३ देऊन तेवढंच उघडून मागायचं. ऑफिसच्या मशीनवर फुकटातले व्हीपीएन टाकायच्या फंदात तर अजिबात पडू नका.