रूकी रनिंग बॅक: पहिल्या चार आठवड्यांत काय मोजायचं

एनएफएल म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या फँटसी लीगमध्ये आपण खऱ्या खेळाडूंचा संघ बनवतो आणि त्यांच्या यार्ड-टचडाउनवर गुण मिळवतो. त्यात रूकी (पहिल्याच हंगामातला) रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा, कसा जोखायचा ते पाहू. २०२५ च्या पहिल्या आठवड्यात रेडर्सच्या अ‍ॅश्टन जेन्टीने १९ कॅरींत, म्हणजे चेंडू घेऊन १९ वेळा धावून, फक्त ३८ यार्ड काढले. ड्राफ्टमध्ये (एनएफएल संघ नवे खेळाडू निवडतात तेव्हा) सहाव्या क्रमांकावर उचललेल्या पोराचा असा आकडा सोमवारी सकाळी दिसला की हात आपोआप ट्रेडच्या बटणाकडे जातो. चौथ्या आठवड्यात त्याच जेन्टीने बेअर्सविरुद्ध २१ कॅरींत १३८ यार्ड काढले आणि एकूण तीन टचडाउन केले. ३८ आणि १३८ मध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण १९ आणि २१ मध्ये नाही. सप्टेंबरात पाहायचे ते हे दुसरे आकडे. यार्ड वर-खाली होत राहतात. काम किती मिळतंय हे कोच ठरवतो, आणि कोच दर आठवड्याला मत बदलत नाही.

एका शीटमध्ये प्रत्येक रूकीसाठी तीन रकाने करा. पहिला स्नॅपच्या टक्केवारीचा, म्हणजे संघ चेंडू घेऊन खेळत असताना तो किती डावांत मैदानावर होता. दुसरा कॅरी आणि टार्गेट (त्याच्याकडे टाकलेले पास) यांचा, दोन्ही वेगवेगळे लिहून. तिसरा रकाना म्हणजे ही संधी नेमकी केव्हा मिळाली.

पहिल्या रकान्याचे ढोबळ टप्पे असे: ६० टक्क्यांच्या वर स्नॅप असतील तर तो मुख्य खेळाडू, ४० ते ६० मध्ये असेल तर वाटेकरी, आणि ३० च्या खाली असेल तर कितीही नाचला तरी बेंचवरच. एका आठवड्याच्या आकड्यापेक्षा दिशा महत्त्वाची. २८, ३५, ४७ असा चढ दिसला तर तो सलग तीन आठवडे ४५ वर थांबलेल्यापेक्षा जास्त कामाचा.

दुसऱ्या रकान्यात कॅरी आणि टार्गेटला एकाच तागडीत घालू नका. पूर्ण पीपीआर लीगमध्ये (पकडलेल्या प्रत्येक पासला एक गुण, दहा यार्डांना एक गुण) एक कॅरी म्हणजे सरासरी चार-साडेचार यार्ड, टचडाउनचा वाटा धरून अर्ध्या गुणाच्या थोडं वर. रनिंग बॅककडे टाकलेले बहुतेक पास पकडले जातात. प्रत्येकाचा एक गुण, वर यार्ड वेगळे. म्हणून एक टार्गेट साधारण अडीच कॅरींच्या तोडीचं धरा. १० कॅरी आणि ५ टार्गेटवाला पोरगा १६ कॅरी आणि शून्य टार्गेटवाल्याच्या पुढे असतो, मग वर्तमानपत्री मथळा कोणाचाही असो. लीग अर्ध्या पीपीआरची (पासला अर्धा गुण) असेल तर पावणेदोन पट धरा.

खरी मेख तिसऱ्या रकान्यात आहे. टी-२० मध्ये नवा बोलर चार षटकं टाकून जातो, पण कर्णधाराने चेंडू सातव्या षटकात दिला की एकोणिसाव्या, यावरून त्याच्यावरचा विश्वास कळतो. इथे एकोणिसावं षटक तीन ठिकाणी असतं: थर्ड डाउन (दहा यार्डांसाठीच्या चार प्रयत्नांतला तिसरा), हाफ संपायच्या आधीची दोन मिनिटं, आणि गोल लाइनपासून पाच यार्डांच्या आत. सामन्याची प्ले-बाय-प्ले नोंद फुकट मिळते. ती उघडून या तीन वेळी चेंडू कोणाकडे गेला तेवढं मोजा. एका संघाला दहा मिनिटं पुरतात.

थर्ड डाउनला रूकीला बाहेर बसवण्याचं कारण बहुतेक वेळा धावणं नसतंच. क्वार्टरबॅकवर (पास फेकणाऱ्यावर) ब्लिट्झ येते, म्हणजे जादा बचावपटू धावून येतात, तेव्हा कोणाला अडवायचं हे रनिंग बॅकने स्नॅपच्या, म्हणजे डाव सुरू होण्याच्या आधी ओळखायचं असतं. एक चूक झाली की क्वार्टरबॅक आडवा. म्हणून साडेतीन यार्डांचा जुना घोडा मैदानात राहतो आणि सहा यार्डांचा पोरगा टॉवेल घेऊन उभा. २०२३ मध्ये लायन्सच्या जाहमीर गिब्जचं हेच झालं: पहिल्या आठवड्यात ७ कॅरी, ४२ यार्ड, तर डेव्हिड मॉन्टगोमरीला २१ कॅरी आणि ७४ यार्ड. मॉन्टगोमरी दुखापतीने बाहेर गेला आणि आठव्या आठवड्यात गिब्जने २६ कॅरींत १५२ यार्ड काढले.

उलटी फसगतही होते. २०२० मध्ये चीफ्सच्या क्लाइड एडवर्ड्स-हेलेअरने पहिल्याच सामन्यात २५ कॅरींत १३८ यार्ड काढले आणि सगळे खूश झाले. पण गोल लाइनजवळ तो पुन्हा पुन्हा अडकला होता आणि त्याने एकही पास पकडला नव्हता. ऑक्टोबरमध्ये चीफ्सनी लेव्हिऑन बेलला आणलं.

कॅरीमागे सरासरी यार्ड हा आकडा पाहायचाच असेल तर सर्वांत लांब धाव वगळून पाहा. ९ कॅरींत ७४ यार्ड छान दिसतात. त्यात एक ५५ ची असेल तर उरलेल्या आठांत १९ आहेत. तसंच संघ २५ गुणांनी पुढे असताना शेवटच्या क्वार्टरमध्ये मिळालेल्या कॅरी वेगळ्या शाईने लिहा. मात्र डॉल्फिन्सचा डेव्हॉन एचेन या सगळ्या हिशोबाला पुरून उरला: २०२३ मध्ये ब्रॉन्कोजवरच्या ७०-२० विजयात त्याने १८ कॅरींत २०३ यार्ड काढले, आणि गुडघा दुखावूनही हंगामात १०३ कॅरींत ८०० केले. असा वेग दिसला तर नियम बाजूला ठेवा, पण असे खेळाडू फार क्वचित येतात.

चेंडू हातातून सुटला (फंबल) तर त्याला आपल्या संघातून काढायची घाई नको. संघाच्या पुढच्या ड्राइव्हला (चेंडू पुन्हा हाती आल्यावर) तो मैदानावर परत येतो का ते पाहा. करीम हंटने २०१७ मध्ये पहिल्याच कॅरीला फंबल केलं. चीफ्सनी त्याला पुन्हा चेंडू दिला आणि त्या रात्री त्याचे एकूण २४६ यार्ड झाले.

धीर किती धरायचा? एनएफएल ड्राफ्टच्या पहिल्या दोन फेऱ्यांतल्या खेळाडूला चार आठवडे द्या, कारण संघालाही आपली गुंतवणूक वसूल करायची असते. पाचव्या-सहाव्या फेरीतल्याचे स्नॅप दोन आठवडे ३० च्या खाली असतील तर जागा मोकळी करा. मधल्या फेरीचं मात्र गणित बसत नाही: बकी अर्व्हिंग २०२४ मध्ये चौथ्या फेरीत, १२५ व्या क्रमांकावर गेला, रशाद व्हाइटच्या मागे सुरुवात केली आणि ११२२ यार्डांवर संपवलं. पाचव्या आठवड्यापासून बाय (संघांच्या सुट्टीचे आठवडे) सुरू होतात, तेव्हा बेंचवरची जागा महाग होते. निर्णय त्याआधी घ्या.

वेव्हरवर, म्हणजे कोणाच्याही संघात नसलेले खेळाडू बोलीने घेण्यासाठी, हंगामाला १०० डॉलरचं बजेट असेल तर मुख्य खेळाडू हंगामभरासाठी गेल्यावर जागा मिळालेल्या रूकीसाठी ४० ते ६० लावायला हरकत नाही. नुसते दोन टचडाउन करून गाजलेल्यासाठी पाचाच्या वर नको. (हे डॉलर खेळातलेच ठेवा, पैसे लावायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या कायद्याने बंदी आहे.)

मुंबईचं घड्याळ इथे थोडं सोयीचं आहे. सोमवारचा सामना आपल्याकडे मंगळवारी सकाळी नऊच्या सुमारास संपतो. संध्याकाळी विरार किंवा कल्याण लोकलमध्ये बसायला मिळालं तर शीट भरून होतं, आणि रात्री झोपायच्या आधी बोली टाकता येते. बहुतेक लीगांत वेव्हर बुधवारी दुपारपर्यंत लागतात. न खेळणाऱ्यांची यादी सामन्याच्या ९० मिनिटं आधी येते, म्हणजे रविवारी रात्री नऊला. जेवायला बसायच्या आधी ती बघा. उशिराचे सामने रात्री दीडनंतर सुरू होतात, तेव्हा त्यातला शंकेचा रूकी लावून झोपू नका; त्याच्याऐवजी पक्का खेळणारा घ्या. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेची घड्याळं मागे जातात. त्या दिवसापासून या सगळ्या वेळांत एक तास मिळवायचा.