सायकलसाठी सुरक्षित रस्ता हवा? आधी एक चौक निवडा

‘शहर सायकलस्नेही करा’ अशी मागणी घेऊन गेलात की सगळे मान डोलावतात आणि पुढे काहीच होत नाही. त्या मागणीतून कुणाला नेमकं काय काम सांगायचं, हेच कळत नाही. ‘शाळेच्या फाटकाजवळच्या वळणावर गाड्या वेग कमी न करता वळतात, तिथल्या कोपऱ्याची गोलाई कमी करा’ ही मागणी मात्र कुणाच्या तरी टेबलावर जाते आणि तिचं उत्तर द्यावं लागतं. मी शाळेत विज्ञान शिकवते, रोज सायकलनं जाते आणि बरीच वर्षं सायकलवाटांसाठी, वेगमर्यादांसाठी पाठपुरावा करते आहे. आपल्या भागात हे काम सुरू करू पाहणाऱ्यांसाठी माझी पद्धत लिहिते.

शहरभराच्या खड्ड्यांची यादी करू नका. एक चौक, एक वळण किंवा एक पूल घ्या. जिथून मुलं जातात आणि जिथली अडचण उघड्या डोळ्यांनी दिसते अशी जागा उत्तम. एक खूण मी नेहमी बघते: चौक यायच्या थोडं आधी लोक सायकलवरून उतरतात का, हातात धरून फुटपाथनं चालायला लागतात का? तसं होत असेल तर तो चौक लोकांनी आधीच धोक्याचा ठरवलेला आहे. त्याची नोंद करा.

मग मोजमाप. मोजपट्टी, खडू, वही आणि मोबाइलमधलं स्टॉपवॉच एवढं पुरे. आठवड्यातल्या कामाच्या दिवशी, शाळा-ऑफिसच्या वेळी तासभर उभं राहून सायकली मोजा. बायका, मुलं आणि वयस्कर माणसं वेगळी मोजा. एकूण आकड्यापेक्षा मला हे वेगळे आकडे जास्त बोलके वाटतात, कारण रस्ता भीतीदायक झाला की आधी हीच माणसं दिसेनाशी होतात.

वेग मोजायचा तर फुटपाथच्या कडेला पन्नास मीटर अंतरावर खडूच्या दोन खुणा करा. एका खुणेपासून दुसरीपर्यंत गाडीला सहा सेकंद लागले तर वेग ताशी ३० किलोमीटर. ३.६ सेकंदांत पोचली तर ५०. बरीचशी वाहनं मोजा, आणि फक्त भरधाव तेवढीच निवडू नका. रडारच्या यंत्राइतकं हे अचूक नाही, पण ‘इथं यंत्र लावून मोजा’ असं सांगायला पुरेसं आहे.

हे ३० आणि ५० एवढं का महत्त्वाचं, ते मी वर्गात फळ्यावर मांडते. समोर मूल आलं हे दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत साधारण एक सेकंद जातो असं धरा. ३० च्या वेगानं गाडी त्या सेकंदात आठ मीटरांवर जाते आणि कोरड्या रस्त्यावर पुढच्या पाच-सहा मीटरांत थांबते. म्हणजे एकूण तेरा-चौदा मीटर. ५० च्या वेगानं पहिल्या सेकंदातच जवळजवळ चौदा मीटर संपतात. पहिली गाडी जिथं थांबलेली असते, तिथं दुसरीचा ब्रेक नुकता लागायला सुरुवात झालेली असते. शिवाय गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून ५० च्या धडकेतली ऊर्जा ३० च्या धडकेच्या पावणेतीनपट. हा हिशोब निवेदनात घाला. वेगमर्यादेवरचा वाद यामुळे लवकर मुद्द्यावर येतो.

रुंदीसुद्धा मोजा. सायकलचं हँडल साधारण साठ-सत्तर सेंटिमीटरचं असतं, पण चालवताना तोल सांभाळत माणूस थोडा डावी-उजवीकडे झुलतो, त्यामुळे मीटरभर जागा लागतेच. उभ्या गाडीचं दार उघडलं की तेही जवळजवळ तेवढीच जागा खातं. पार्किंगला चिकटून दीड मीटरचा पट्टा आखला तर त्यातला बहुतेक भाग दारांच्या टप्प्यात येतो. असला पट्टा मिळत असेल तर तो नको म्हणा. पार्किंग आणि सायकल यांच्यात मोकळी जागा सोडून घ्या किंवा पट्टा उभ्या गाड्यांच्या आतल्या बाजूला, फुटपाथकडे घ्यायला सांगा. गटाराच्या जाळीच्या फटी चाकाच्या दिशेनंच असतील तर त्यांचे फोटो काढा. जाळी फिरवून आडवी बसवणं हे लहान, लवकर होणारं काम आहे आणि पहिलं निवेदन अशाच कामाचं असलेलं बरं.

थोडक्यात टळलेले अपघात पोलिसांच्या नोंदीत बहुधा येत नाहीत. त्यासाठी वही ठेवा. तारीख, वेळ, कोण कुठून कुठे वळत होतं, काय झालं, एवढंच लिहा. राग वहीत उतरू देऊ नका. त्याच जागी तशाच प्रकारच्या नोंदी सापडत गेल्या की दोष चालकापेक्षा वळणाच्या आखणीत आहे हे दाखवता येतं.

आता कुठे जायचं? रस्ता कुणाचा, हे सगळ्यात आधी शोधा. एकाच चौकात डांबर एका खात्याचं, सिग्नल दुसऱ्याचा आणि पार्किंगचा निर्णय तिसऱ्याचा असू शकतो. चुकीच्या दारात दिलेला अर्ज महिनोन्‌महिने फिरत राहतो. पत्र एका पानाचं ठेवा: जागा, तिथं काय घडतं, तुमचे आकडे, एक फोटो, एक मागणी. पोच घ्या.

वेळ साधणं हा या सगळ्या कामातला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे असं माझं ठाम मत आहे. रस्त्यावर नवं डांबर पडतं तेव्हा जुने पट्टे पुसले जातात आणि नव्यानं आखावेच लागतात. त्या वेळी पट्टे वेगळ्या जागी आखायला वेगळा खर्च जवळजवळ नसतो. एरवी त्याच कामासाठी स्वतंत्र मंजुरी आणि निधी लागतो. म्हणून पुढच्या हंगामात कुठल्या रस्त्यांचं डांबरीकरण आहे ती यादी मिळवा. त्यात तुमचा रस्ता असेल तर आराखडा पक्का व्हायच्या आधी, अंदाजपत्रक बनत असतानाच भेटा. ठेकेदाराची यंत्रं रस्त्यावर आली की उशीर झालेला असतो.

कायद्याचं काम वेगळ्या चालीनं चालतं. आधी आहे तो कायदा वाचा. सायकलपट्ट्यात गाडी लावायला बंदी, शाळेजवळची वेगमर्यादा, असे नियम पुष्कळदा आधीपासूनच असतात. तिथं नवा नियम मागण्याऐवजी ‘मंगळवारी सकाळी आठ ते नऊ, या जागी कारवाई हवी’ असं मागा. नियम खरोखर नसेल तर तो बदलणं कुणाच्या हातात आहे ते बघा. एकेरी रस्त्यावर सायकलला उलट दिशेनं सोडणं किंवा गल्लीत ३० ची मर्यादा लावणं अनेक ठिकाणी स्थानिक पातळीवर जमतं. ओव्हरटेक करताना सोडायचं अंतर मात्र बहुतेक ठिकाणी वरच्या कायद्यात असतं.

तिथं दुसऱ्या देशांचे दाखले कामी येतात. जर्मनीनं २०२० मध्ये सायकलस्वाराला ओलांडताना वस्तीत किमान दीड मीटर आणि वस्तीबाहेर दोन मीटर अंतर ठेवणं नियमात घातलं. फ्रान्समध्ये ते वस्तीत एक मीटर आणि बाहेर दीड मीटर आहे. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात १९८२ पासून सायकलस्वाराला ‘थांबा’च्या पाटीशी, रस्ता मोकळा असेल तर, पूर्ण न थांबता हळू पुढे जायची मुभा आहे. मागणी करताना आपल्या कायद्यातलं कलम आणि त्यात हवा असलेला बदल शब्दशः लिहून द्या. लोकप्रतिनिधीला तयार वाक्य हातात मिळालं की त्याचं काम सोपं होतं.

सभेत कोणीतरी हमखास म्हणतं, ‘सायकलवाले तरी कुठे नियम पाळतात?’ त्यावर भांडू नका. रात्री दिवा हवा, सिग्नल पाळायला हवा, हे आपल्यालाही हवंच आहे, असं सांगा आणि पुन्हा चौकावर या.

सभेला कोणाला न्यायचं, याचा विचार आधीपासून करा. महागड्या सायकलींवरच्या हौशी गटापेक्षा पालकांचं म्हणणं जास्त ऐकलं जातं. नेदरलँड्समध्ये १९७१ साली रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसं मेली, त्यांत चारशेहून अधिक मुलं होती. त्यातून ‘स्टॉप डे किंडरमोर्ड’, म्हणजे ‘बालहत्या थांबवा’, ही चळवळ उभी राहिली. पालकांनी आणि मुलांनी रस्ते अडवले, रस्त्यावर खेळ मांडले. आज ज्या देशाची उदाहरणं आपण देतो, त्याचे रस्ते लोकांनी मागून मिळवलेले आहेत.

दुकानदारांना सभेच्या आधीच भेटा. पार्किंग गेलं तर धंदा बुडेल ही त्यांची भीती खरी असते, तिची टिंगल करू नका. गिऱ्हाईक कसं येतं याची पाहणी त्यांच्याच दारात, त्यांच्या परवानगीनं करा. गाडीनं येणारे त्यांना वाटतात त्यापेक्षा कमी निघतात, असं अशा पाहण्यांत वारंवार दिसलं आहे. तरीही विरोध राहिला तर कायमचा बदल मागू नका, काही महिन्यांचा प्रयोग मागा. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमधला ब्रॉडवे रस्ता २००९ मध्ये आधी प्रयोग म्हणूनच गाड्यांना बंद झाला, नुसता रंग मारून आणि साध्या खुर्च्या मांडून. पुढच्या वर्षी तो निर्णय कायम झाला.

रस्त्यापासून दूरच्या सायकलवाटेसाठी बंद पडलेला रेल्वेमार्ग किंवा कालव्याचा काठ शोधा. आगगाडीला तीव्र चढ चढवत नाही, म्हणून जुना रेल्वेमार्ग मुलांना आणि आजी-आजोबांनाही झेपतो. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधली एलरॉय-स्पार्टा वाट अशाच बंद मार्गावर १९६० च्या दशकात झाली, आजही लोक तिच्या बोगद्यांतून सायकली नेतात. जमीन कुणाच्या नावावर आहे ते आधी तपासा. शेजारच्या जमीनमालकांना चोरीची, वर्दळीची धास्ती असते, त्यांच्याकडे नकाशा घेऊन घरी जा. आणि वाट जिथं मोठा रस्ता ओलांडते तिथलं काम पहिल्याच टप्प्यात मागा. तेवढा एक तुकडा राहिला तर पालक मुलांना वाटेवर पाठवत नाहीत.

काम झालं की महिन्याभरानं त्याच वेळी, त्याच जागी, त्याच खुणांवर पुन्हा मोजा. आधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी शेजारी मांडून ज्या अभियंत्यानं काम केलं त्याला आभाराचं पत्र पाठवा, प्रत त्याच्या वरिष्ठांना. त्याच पत्राच्या शेवटच्या ओळीत पुढच्या चौकाचं नाव लिहा आणि भेटीची वेळ मागा.