ऑफिसच्या समुपदेशन सेवेला फोन करताना या चुका टाळा

अनेक ऑफिसांत ओळखपत्राच्या मागे समुपदेशन सेवेचा टोल-फ्री नंबर छापलेला असतो. तरी फोन होत नाही, कारण एकच धास्ती: "एचआरला कळलं तर?"

ही सेवा बहुतेक ठिकाणी बाहेरची संस्था चालवते. कंपनीला सहसा फक्त एकूण आकडा कळतो, नावं नाहीत. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यातही गोपनीयतेचा हक्क आहे (कलम २३). पण "सगळं गुप्तच राहील" असं धरून चालू नका. जिवाला धोका असेल किंवा न्यायालयाचा आदेश आला तर माहिती द्यावी लागू शकते. मुलावर लैंगिक अत्याचार होत असेल तर पॉक्सो या बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्याखाली कळवणं बंधनकारकच आहे. म्हणून पहिल्याच फोनवर विचारा, "कुठल्या गोष्टी तुम्हाला बाहेर सांगाव्या लागतात?" चांगला समुपदेशक याचं सरळ उत्तर देतो.

गुपित फुटतं ते बहुतेक वेळा आपल्याच हातून. माझ्या एका सहकाऱ्यानं ऑफिसच्या मेलवरून वेळ घेतली. 'समुपदेशन, दुपारी ३' ही नोंद टीमच्या सामायिक कॅलेंडरवर झळकली. त्यानं ती भेट रद्द केली, पुन्हा कधी घेतलीच नाही. मला ते आजही लागतं. स्वतःचा मोबाइल आणि स्वतःचा मेल वापरा. घरी दोन खोल्या आणि पाच माणसं असतील तर पार्किंगमध्ये गाडीत बसून बोला, काही बिघडत नाही.

दुसरी मोठी चूक घरच्यांच्या बाबतीत होते. या सेवेच्या बऱ्याच योजनांत जोडीदार आणि मुलं येतात, काहींत आईवडीलही. बायकोला नंबर द्या आणि बाजूला व्हा. नंतर "काय बोललीस?" म्हणून खोदून विचारू नका. समुपदेशकालाही विचारू नका. तिची गोपनीयता तुमच्यापासूनही आहे.

भेटी मोजक्या असतात. किती ते आधीच विचारा, नाहीतर मन मोकळं व्हायला लागतं तेव्हाच शेवटची भेट येते. समुपदेशकाशी सूर जुळला नाही तर दुसरा मागा, त्यात संकोच कसला? औषधं मात्र समुपदेशक देत नाहीत, ती मनोविकारतज्ज्ञासारखे डॉक्टरच देतात.

आणि जीव नकोसा झाला असेल तर सोमवारच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ वर चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.