मुंबईच्या पावसाचा अंदाज कसा वाचावा

26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ वेधशाळेत 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस मोजला गेला, तेव्हा कुलाब्यात तो जेमतेम 73 मिलिमीटर होता. एका शहराला एकच आकडा पुरत नाही, हे त्या दिवशी कळले. आज कुलाबा आणि वेरावली येथे डॉप्लर रडार आहेत आणि महापालिकेची स्वयंचलित पर्जन्यमापन केंद्रे ठिकठिकाणी आहेत. माहिती वाढली, तशी ती वाचण्याची सवय मात्र वाढलेली नाही.

प्रथम इशाऱ्याचा रंग पाहावा, पण तेथेच थांबू नये. रंग सांगतो तो सज्जतेची पातळी. आपल्या गल्लीत किती पाणी पडेल, हे तो सांगत नाही. त्याखालचे शब्द अधिक मोलाचे असतात. हवामान विभागाच्या भाषेत ‘मुसळधार’ म्हणजे 24 तासांत 64.5 ते 115.5 मिलिमीटर, तर 204.5 मिलिमीटरपासून पुढे ‘अत्यंत मुसळधार’. ‘तुरळक ठिकाणी’ याचा अर्थ जिल्ह्यातील फार तर पाव केंद्रांवर. त्यामुळे दादरला ऊन पडले म्हणून अंदाज चुकला असे म्हणण्याची घाई करू नये, कारण तोच पाऊस मुलुंडला कोसळत असू शकतो. पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या सकाळी साडेआठ असा धरतात, हेही आकडे ताडून पाहताना विसरू नये.

घराबाहेर पडण्यापूर्वी पुढील तीन तासांचा तात्काळ अंदाज आणि रडारचे चित्र पाहावे. एका चित्रावरून काहीच ठरवू नये. लागोपाठची तीन-चार चित्रे पाहिली की ढग समुद्रावरून किनाऱ्याकडे सरकत आहेत की विरत आहेत, ते दिसते. चित्रावरची वेळ अवश्य तपासावी, ती यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, असेल तर भारतीय वेळेसाठी साडेपाच तास मिळवावेत. (व्हॉट्सअॅपवर फिरणारे चित्र कालचेही असू शकते, हा अनुभव कोणाला नाही?) शिवाय रडार मोजते ते वर ढगातले थेंब, जमिनीवरचा पाऊस नव्हे, म्हणून जवळच्या केंद्राचा ताजा आकडाही पाहावा.

शेवटी भरतीचे वेळापत्रक उघडावे. मोठ्या भरतीत समुद्राची पातळी पर्जन्यजलवाहिन्यांच्या मुखांपेक्षा वर जाते, पाण्याला वाट उरत नाही, आणि ओहोटीच्या वेळी सहज वाहून गेला असता असा पाऊसही हिंदमाता किंवा मिलन सबवे यांसारखी सखल ठिकाणे तुंबवू शकतो.