उडी खरी वाटण्यासाठी उभा वेग स्वतंत्र ठेवा
प्लॅटफॉर्म गेममध्ये, म्हणजे पात्र उड्या मारत पुढे जाते अशा खेळात, गुरुत्वाकर्षण आणताना नवशिके बहुधा पात्राला दर फ्रेमला (पडद्यावरच्या प्रत्येक नव्या चित्राला) ठरावीक अंतराने खाली सरकवतात, आणि मग ते पडल्यासारखे न दिसता लिफ्टसारखे उतरते. त्याऐवजी उभ्या वेगासाठी स्वतंत्र व्हेरिएबल ठेवावे, दर फ्रेमला त्यात गुरुत्व गुणिले फ्रेमचा कालावधी मिळवावा आणि मगच त्या वेगाने पात्र हलवावे. पडद्यावरील उभे स्थान सांगणाऱ्या वायचे मूल्य खालच्या दिशेने वाढत असेल, तर उडीचा वेग ऋण असतो. गुरुत्व म्हणून वेगात सेकंदागणिक १५०० पिक्सेल प्रतिसेकंद इतकी भर आणि उडीचा वेग उणे ६०० पिक्सेल प्रतिसेकंद धरल्यास पात्र ०.४ सेकंदात सुमारे १२० पिक्सेल उंची गाठते. जमिनीवर टेकताच हा वेग शून्य करणे मात्र विसरू नये, कारण तो साचत राहिला तर कडेवरून पाऊल सुटताक्षणी पात्र दगडासारखे कोसळते.