क्रीम, काळी मेंदी, टिकली: घेण्याआधी डबी उलटी करून काय बघावं

लग्नसराईत सांगलीच्या मारुती रोडवर गोरेपणाची क्रीम, काळ्या मेंदीची पाकिटं, टिकल्यांची पानं हातोहात खपतात. घेताना आपण वास बघतो, किंमत बघतो, डबीवरचा चेहरा बघतो. तपासणी मात्र मागच्या बाजूने सुरू करायची, आणि तीही घटकांच्या यादीपासून नाही, तर बनवणाऱ्याच्या नावापासून. सगळ्यात घातक पदार्थ बहुतेक वेळा यादीत छापलेलेच नसतात.

आधी माल कुणाचा ते बघा

आपल्याकडे 'कॉस्मेटिक्स रूल्स, २०२०' लागू आहेत. वेष्टनावर उत्पादकाचं नाव आणि पत्ता, बॅच क्रमांक, उत्पादन परवान्याचा क्रमांक आणि वापराची अंतिम तारीख असायलाच हवी. माल परदेशी असेल तर आयात नोंदणीचा क्रमांक आणि ती नोंदणी ज्याच्या नावावर आहे त्याचं नाव-पत्ता हवा. आयुर्वेदिक म्हणून विकलं जाणारं उटणं किंवा तेल असेल, तरी त्यालाही परवाना लागतो. यातलं काही नसेल तर पुढचं वाचायची गरजच नाही, डबी परत ठेवा. दुकानदार ओळखीचा आहे, एवढ्यावर जाऊ नका. त्यालाही तो माल कुठे बनला हे माहीत नसतं.

एक मेख लक्षात ठेवा. ३० ग्रॅमपेक्षा कमी क्रीम किंवा ६० मिलिलिटरपेक्षा कमी द्रव असेल, तर घटकांची यादी छापायची सक्ती नाही. छोट्या डबीवर यादी नसली म्हणून ती बेकायदा ठरत नाही. पण आत काय आहे ते तुम्हाला कळतही नाही. चेहऱ्याला रोज लावायचं असेल तर यादी असलेलंच घ्या.

गोरेपणाची क्रीम: इथे घाई नको

आठ-पंधरा दिवसांत चेहरा उजळला, तर आनंद होण्याआधी शंका यायला हवी. असा झटपट परिणाम देणाऱ्या स्वस्त क्रीममध्ये बहुधा पारा असतो, नाहीतर स्टेरॉइड.

पारा त्वचेत रंगद्रव्य तयार होऊ देत नाही, म्हणून रंग उजळतो. पण तो त्वचेतून शरीरात जातो आणि मूत्रपिंडावर बसतो. केरळात मलप्पुरम जिल्ह्यातल्या डॉक्टरांनी २०२१ ते २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट आजाराचे २२ रुग्ण तपासले, तेव्हा त्यातले बरेच जण गोरेपणाची क्रीम लावत असल्याचं दिसलं. आपल्या नियमांनुसार डोळ्यांभोवतीची प्रसाधनं सोडली तर दहा लाख भागांत एका भागाहून जास्त पारा चालत नाही, आणि तोही नकळत आलेला. डबीवर 'कॅलोमेल', 'मर्क्युरिक', 'मर्क्युरस' असे शब्द दिसले, किंवा 'सोन्या-चांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नये' अशी सूचना दिसली, तर ती क्रीम घरात नको. तिची वाफ आणि स्पर्श लहान मुलांनाही बाधतो. आधीच वापरत असाल आणि पायावर सूज, लघवीला फेस असं काही दिसलं, तर थांबू नका, डॉक्टरांकडे जा.

स्टेरॉइडची नावं वेगळी: बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन. ही औषधं आहेत. २०१८ मध्ये अशी अनेक मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी झाली, तरी ती मागितल्यावर मिळतात. मैत्रिणीने सांगितलं म्हणून चेहऱ्याला लावत राहिलं तर त्वचा पातळ, लाल होते, पुरळ येतं, उन्हात आग होते. बराच काळ लावून झटकन बंद केलं तर त्रास उसळतो. त्यामुळे ती त्वचारोगतज्ज्ञाच्या सल्ल्यानेच सोडा.

काळी मेंदी

मेंदीच्या पानाचा रंग केशरी ते तपकिरी चढतो, काळा कधीच नाही. काळा रंग देणाऱ्या पाकिटात बहुतेक वेळा पॅरा-फेनिलीनडायमिन, म्हणजे पीपीडी असतं. केसांच्या रंगात ते कायदेशीरच आहे, पण काहींना त्याची जबरदस्त ॲलर्जी होते आणि चेहरा-डोळे सुजतात. म्हणून प्रत्येक वेळी आधी कानामागे थोडं लावून ४८ तास थांबा, मागच्या वेळी काही झालं नसलं तरी. भुवयांना आणि पापण्यांना हा रंग अजिबात लावू नका. एकदा त्रास झाला असेल तर ब्रँड बदलून उपयोग नाही, पीपीडी असलेला रंग कायमचा सोडा. मुलींच्या हातावर झटपट काळी मेंदी काढणं मला मुळीच मान्य नाही.

टिकली, कुंकू, शेंदूर

टिकलीच्या पानावर घटक लिहिलेले नसतात. काही टिकल्यांच्या गोंदात पॅरा-टर्शरी-ब्युटाइलफिनॉल असतं. त्यामुळे कपाळावर टिकलीच्याच आकाराचा पांढरा डाग पडू शकतो. खाज सुटली की ती टिकली बंद करा आणि रात्री झोपताना रोज काढा. बाजारातलं लालभडक कुंकू हळदीचंच असेल असं नाही, बऱ्याचदा त्यात कृत्रिम रंग असतो. मूर्तीला लावायचा पारंपरिक शेंदूर तर शिशाचं संयुग आहे. मारुतीच्या देवळातून येताना तो लहान मुलांच्या कपाळाला लावू नका.

उटण्यासाठी हळकुंडं आणून घरी दळलेली हळद बरी. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण ते मूळ ठिकाण सांगतं. सुट्या पुडीत काय मिसळलंय, ते त्यावरून कळत नाही.

यादी वाचताना

फोनने फोटो काढा आणि मोठा करून वाचा. जास्त प्रमाणातला घटक आधी येतो, एक टक्क्याहून कमी असलेले शेवटी कुठल्याही क्रमाने. 'पॅराबेन नाही' या शब्दांना मी फार महत्त्व देत नाही. पॅराबेन म्हणजे माल खराब होऊ नये म्हणून घातलेलं रसायन. मिथाइलपॅराबेन ठरलेल्या मर्यादेत सुरक्षित मानलं जातं, आणि त्याच्या जागी आलेलं मिथाइलआयसोथायझोलिनोन ॲलर्जीसाठी जास्त कुख्यात आहे. युरोपात ते अंगावर राहणाऱ्या क्रीममध्ये बंद आहे. 'परफ्यूम' किंवा 'फ्रॅग्रन्स' या एका शब्दाआड अनेक रसायनं असतात. त्वचा नाजूक असेल तर बिनवासाचं घ्या.

यादी ठीक वाटली तरी नवी क्रीम कोपराच्या आतल्या बाजूला दिवसातून दोनदा, आठवडाभर लावून बघा आणि मगच चेहऱ्याला लावा.

त्रास झालाच तर

डबी फेकू नका, बिलही जपा. सांगली-मिरजेच्या सिव्हिलमध्ये दाखवायला जाताना डबी सोबत न्या. अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात लेखी तक्रार देता येते, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० च्या कलम २६ प्रमाणे ठरलेली फी भरून कोणीही ग्राहक आपण विकत घेतलेली वस्तू सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. अर्जासोबत नमुना द्यावा लागतो, म्हणून डबी अगदी तळापर्यंत पुसून संपवू नका.