धसका घेतलेलं मूल आणि मेंदूचा नकाशा: न्यूरोफीडबॅक कसा वापरावा

मी मिरजेत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून लहान मुलांसोबत काम करते. २०१९ च्या महापुरानंतर कृष्णाकाठची मुलं माझ्याकडे यायला लागली ती "पोरानं धसका घेतलाय" एवढ्याच निरोपावर. बहुतेकदा आजी घेऊन यायची. पोरगं रात्री ओरडत उठतं, पत्र्यावर पाऊस वाजला की कॉटखाली जाऊन बसतं, गुरुजींनी नुसता आवाज चढवला तरी चड्डी ओली होते. अंगारा लावून झालेला असायचा, दृष्ट काढून झालेली असायची. त्याबद्दल मी कुणाला बोल लावत नाही, मायेपोटीच केलेलं असतं ते.

अलीकडे पालक मोबाइलवर मेंदूचे लाल-निळे नकाशे बघून येतात आणि विचारतात, "मॅडम, ते मशीन लावलं की बरं होतं का?" मेंदूच्या लहरी मोजून त्या पडद्यावरच्या चित्राच्या मदतीनं बदलायचा हा सराव, त्यालाच न्यूरोफीडबॅक म्हणतात. मी हे मशीन वापरते, त्याचा उपयोग झालेला पाहिलाय. पण ज्या मुलाच्या मनाविरुद्ध एकदा काहीतरी भयंकर घडून गेलंय, त्याच्या डोक्याला हात लावण्यापूर्वी बरंच काम असतं. पालकांनी आणि हे काम नव्यानं शिकणाऱ्यांनी ते आधी नीट समजून घ्यावं.

आधी घर बघा

पहिला प्रश्न एकच: ज्याची भीती वाटते ते अजून चालू आहे का? मारणारा माणूस घरातच असेल तर मुलाचं दचकणं हा आजार नाही, ती राखण आहे. ती काढून घेऊ नका. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि त्यात समुपदेशकही आला. १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा नंबर घरातल्या एखाद्या भरवशाच्या मोठ्या माणसाला पाठ करून द्या.

मग डॉक्टर. फिट आलेली आहे का, डोक्याला मार लागला होता का, कानानं नीट ऐकू येतं का, रक्त कमी आहे का, टॉन्सिल वाढून रात्री तोंड उघडं टाकून घोरतं का. झोप मोडणारी साधी कारणं आधी हाताळा. फिटचा इतिहास असेल तर मेंदूविकारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही. आणि चालू असलेलं औषध नकाशासाठी म्हणून आपल्या मनानं कधीही बंद करू नका. कोणतं औषध, किती वाजता घेतलं, एवढं लिहून आणा. काही झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्यांनी मेंदूतल्या वेगवान, म्हणजे बीटा, लहरी वाढतात. हे माहीत नसलं तर वाचणारा भलताच अर्थ काढेल.

नकाशाचा दिवस

ब्रेन मॅपिंग म्हणजे ईईजीच. डोक्यात काही जात नाही, करंट दिला जात नाही, मेंदूची स्वतःची वीज फक्त मोजली जाते. ही वीज मिलिव्होल्टच्या हजाराव्या भागांत मोजायची असते, म्हणून आदल्या दिवसाची तयारी लागते. आपल्याकडे शाळेला जाताना पोरांच्या डोक्यावर खोबरेल तेल चोपडलेलं असतं. तेल असलं की इलेक्ट्रोडचा, म्हणजे लहरी टिपणाऱ्या चकतीचा, त्वचेशी नीट संपर्क होत नाही. आदल्या रात्री शाम्पूनं केस धुवा, नंतर तेल नाही, जेल नाही. सकाळी पोटभर खाऊन या, चहा नको. मूल रात्रभर जागलं असेल तर तारीख पुढे ढकला, कारण अपुऱ्या झोपेत संथ लहरी वाढतात आणि नकाशात झोपेचीच उणीव छापली जाते.

मी शिंप्याकडे असते तशी टेप घेते. नाकाच्या वरच्या खोबणीपासून डोक्याच्या मागच्या, मानेच्या वरच्या हाडाच्या उंचवट्यापर्यंत मोजायचं, मग एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत. या मापाच्या दहा आणि वीस टक्क्यांवर खुणा पडतात, म्हणून या पद्धतीला टेन-ट्वेंटी म्हणतात. पूर्ण नकाशाला १९ जागा लागतात. टेप आधी मुलाच्या हातात द्या. त्याला माझं डोकं मोजू दे, आजीचं मोजू दे, बाहुलीचं मोजू दे. इलेक्ट्रोड चिकटवायची पेस्ट बोटावर घेऊन वास घेऊ दे. "काय होणार" हे प्रत्येक वेळी आधी सांगायचं: "आता उजव्या कानाला चिमटा लावते. दुखणार नाही, गार लागेल. लावू?" तो नाही म्हणाला तर लावायचा नाही. माझ्याकडे एका मुलीच्या डोक्यावर इलेक्ट्रोडची टोपी चौथ्या भेटीत चढली. पहिल्या तीन भेटी तिनं फक्त टेबलाखाली बसून चिमटे मोजले. त्या भेटी वाया गेल्या असं मी मानत नाही.

साधारण पाच मिनिटं डोळे उघडे आणि पाच मिनिटं मिटलेले, असं रेकॉर्डिंग होतं. डोळे मिटले की डोक्याच्या मागच्या भागात अल्फा लहरी वाढतात, हे जर्मनीच्या हान्स बर्गर यांनी १९२९ पासून छापून दाखवलं, आणि आजही नकाशाची सुरुवात तिथूनच होते. पण अंधारात ज्याला त्रास झालाय त्याला "डोळे मीट" म्हणणं हीच परीक्षा असते. उघड्या डोळ्यांनी सुरुवात करा, दार किलकिलं ठेवा, आईचा हात हातात राहू द्या. मिटलेल्या डोळ्यांचं एकच मिनिट मिळालं तर तेवढंच घ्या.

लाल रंग बघून घाबरू नका

रंगीत चित्र बघण्याआधी ज्याच्याकडे गेलात त्याला मूळ रेषा दाखवायला सांगा. दात आवळले की कानशिलांजवळ जाड, दाट वेगवान रेषा उमटते. ते मेंदूचं काम नव्हे, जबड्याचा स्नायू आहे. डोळ्यांची उघडझाप कपाळाजवळ संथ लाटेसारखी दिसते. धसका घेतलेली मुलं दात आवळतातच. हा भाग गाळला नाही तर नकाशा दोन्ही बाजूंनी लालभडक निघतो आणि आई रडत घरी जाते.

लाल म्हणजे खराब नाही. त्या वयाच्या मुलांच्या सरासरीपेक्षा जास्त, एवढाच त्याचा अर्थ. वय तर पाहायलाच हवं, कारण सहा वर्षांच्या मुलाच्या मेंदूत संथ थेटा लहरी मोठ्या माणसापेक्षा जास्त असणं साहजिक आहे. आणि तुलनेसाठीचे आकडे बऱ्याचदा परदेशातल्या मुलांवरून घेतलेले असतात. नकाशा बघून "या मुलावर अत्याचार झालाय" असं कोणीही सांगू शकत नाही. तसा ठसा मेंदूच्या लहरींत नसतो. कोर्टात पुरावा म्हणून तो पुढे करू नका, शाळेत दाखवू नका. मी नकाशाचा उपयोग एवढाच करते: कुठून सुरुवात करायची याचा अंदाज, आणि नंतर ताडून बघायला एक जुनी नोंद.

सरावाची खोली

सरावाला १९ तारा लागत नाहीत. डोक्यावर एक किंवा दोन, आणि बाकीच्या कानांना. पडद्यावर चित्र चालू असतं. ठरवलेल्या लहरी हव्या तशा झाल्या की चित्र उजळतं, आवाज येतो, नाहीतर मंद होतं. मूल "प्रयत्न" करून हे जमवत नाही, मेंदू बक्षिसाच्या मागे आपोआप जातो. कॅलिफोर्नियात बॅरी स्टरमन या संशोधकानं १९६० च्या दशकात मांजरांना असंच खाऊ देऊन एक लय वाढवायला शिकवली होती.

इथं माझी एक चूक सांगते. कृष्णाकाठच्या एका गावातला नऊ वर्षांचा मुलगा होता. नकाशा व्यवस्थित झाला होता, मी खुशीत होते. सरावासाठी मशीनमधला पहिलाच खेळ लावला: निळ्या पाण्यावर होडी, लहरी जमल्या की होडी पुढे जाते. पंधरा सेकंदांत त्याची बोटं खुर्चीच्या कडेत रुतली. तो रडला नाही, ओरडला नाही, फक्त ओठ पांढरे पडले आणि बारीक आवाजात म्हणाला, "मॅडम, होडी नको." मी पडदा बंद केला, त्याची माफी मागितली, आणि आम्ही दोघं व्हरांड्यात जाऊन भिंतीला पाठ लावून बसलो. पुढच्या वेळी त्यानं स्वतः निवडलं ते उसाच्या ट्रॉल्यांचं चित्र. तेव्हापासून चित्र आधी मी एकटी बसून पूर्ण बघते, आणि निवडतं मूलच. मिठाच्या पाण्यात बुडवलेल्या स्पंजची टोपीसुद्धा पूरग्रस्त मुलांना मी लावत नाही. मानेवरून पाण्याचा एक ओघळ आला तरी पुरे होतं.

पहिल्या दिवशी तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या बास. बक्षिसाची पातळी इतकी सोपी ठेवा की दहातल्या सहा-सात वेळा मूल जिंकेल. हरवणारा खेळ त्याच्या आयुष्यात आधीच झालाय. मग फेऱ्या हळूहळू वाढवून अर्ध्या तासापर्यंत न्या, आठवड्यातून दोनदा. एका वेळी एकच गोष्ट बदला: एकतर डोक्यावरची जागा, नाहीतर लहरींचा पट्टा, म्हणजे किती वेगाच्या लहरींना बक्षीस द्यायचं ते. खोल, तंद्रीकडे नेणारा अल्फा-थेटा सराव मुलांना देऊ नका. त्यात दडलेल्या आठवणी अंगावर येऊ शकतात.

आजीला एक शंभर पानी वही द्या. रोज चार नोंदी: किती वाजता झोपलं, रात्री उठलं का, अंथरूण ओलं झालं का, पोट दुखलं का. मशीनवरच्या आलेखापेक्षा मी त्या वहीवर जास्त विश्वास ठेवते. सरावानंतर डोकं दुखलं, चिडचिड वाढली, वाईट स्वप्नं आली, तर त्याच दिवशी फोन करायचा. बहुतेकदा पट्टा खाली आणून वेळ कमी केली की निवळतं. दोनदा तसंच झालं तर मी सराव थांबवते.

याचा भरवसा किती धरावा

अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ बेसेल व्हॅन डर कोल्क यांच्या गटानं २०१६ मध्ये आघात झालेल्या ५२ प्रौढांवर, आणि २०२० मध्ये ६ ते १३ वयाच्या ३७ मुलांवर केलेला अभ्यास छापला. दोन्हीत २४ बैठका होत्या आणि दोन्हीत फायदा दिसला. पण ३७ मुलं म्हणजे आमच्या एका वर्गाएवढीही नाहीत. आघातावर केंद्रित वर्तन-उपचार आणि डोळ्यांच्या हालचालींवर आधारलेला ईएमडीआर यांच्यामागे बराच जास्त पुरावा आहे. म्हणून न्यूरोफीडबॅक त्यांच्या जागी नाही, त्यांच्या जोडीला. बोलायलाच न धजणाऱ्या, खुर्चीत दोन मिनिटं न टिकणाऱ्या मुलाला थोडं स्थिर करून त्या उपचारापर्यंत नेणं, हे काम तो माझ्या अनुभवात चांगलं करतो.

उपचार करणाऱ्याची भारतीय पुनर्वसन परिषदेकडची, म्हणजे आरसीआयची, नोंदणी विचारा. विचारल्यावर राग येणाऱ्याकडे जाऊ नका. चाळीस बैठकांचे पैसे आधी भरा असं कोणी म्हणालं, किंवा "शंभर टक्के गॅरंटी" म्हणालं, तर उठा. सोनं गहाण ठेवून हे करण्यासारखं नाही. तेवढे पैसे नसतील तर १४४१६ वर टेलि-मानसला, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करा, जिल्हा रुग्णालयात जा, आणि रोज ठरलेल्या वेळी झोप, संध्याकाळी मैदान, लेझीम किंवा ढोलाच्या ठेक्यावरचं काहीही सुरू करा. ठेका अंगात भिनला की ही मुलं सैल होतात, हे मी वर्षानुवर्षं बघतेय.

सोडताना

सराव एकदम तोडायचा नाही. आठवड्यातून दोनदा, मग एकदा, मग पंधरा दिवसांनी. शेवटच्या दिवशी तारा मूलच काढतं, पेस्ट मूलच पुसतं.

आणि आपल्याकडे जुलै-ऑगस्ट येतोच. कोयनेतून विसर्ग वाढल्याची बातमी आली की घराघरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळच्या पाणीपातळीचे आकडे सुरू होतात: चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका. मोठी माणसं दर तासाला ते मोठ्यानं वाचतात, आणि कोपऱ्यात अभ्यासाचं पुस्तक धरून बसलेलं पोर प्रत्येक इंच ऐकत असतं. माझ्या मुलांची त्या पंधरवड्याची एक जादा भेट मी जूनमध्येच वहीत लिहून ठेवते. घरच्यांनी आकडे बाहेर ओट्यावर बघावेत, आणि पाणी आलंच तर कुठल्या नातेवाइकाकडे, कुणासोबत, कुठली पिशवी घेऊन जायचं, ते मुलाला बसवून आधीच सांगावं. पिशवी त्याला स्वतःला भरू द्यावी.